गुरं वळणं आणि मन वळवणं



आजचं चिंतन गीतेच्या सहाव्या अध्यायातल्या २६व्या श्लोकावर. अर्थ साधा आहे : चंचल मन जिथे जिथे भटकत जाईल, तिथून तिथून त्याला आवरून परत आत्म्याच्या ताब्यात आणावं. मूळ श्लोकातही 'जिथे' आणि 'तिथून' हे शब्द दोन-दोनदा आलेत. मी पूर्वी ते वृत्तासाठी भरीचे असतील म्हणून सोडून द्यायचो. आता वाटतं, सगळा श्लोक त्या दुहेरी शब्दांतच आहे. मन पळणार हे भगवंतांनी धरूनच चाललंय. किती वेळा चालेल, त्याची मर्यादा कुठेच सांगितलेली नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर हे 'इफ' नाही, 'व्हाइल' आहे.

हे सांगायचं कारण माझ्या टीममधला एक मित्र. गेल्या वर्षी वडील गेल्यावर त्याने जप सुरू केला. आईने आळंदीहून आणलेली माळ होती. तीनेक महिन्यांनी म्हणाला, "सोडलं रे. माळ हातात फिरते आणि डोक्यात प्रॉडक्शनचा बग फिरतो. हे ढोंग झालं." मन पळालं म्हणजे जप फसला, असा त्याचा हिशोब. आपल्यापैकी पुष्कळांचा हाच हिशोब असतो, आणि त्यापायी चांगली चाललेली साधना सुटते.

या हिशोबाचं उत्तर मला आपल्या मराठीतच सापडतं. दिशा बदलण्यासाठी आपल्याकडे शब्दांचा तोटा नाही, पण ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. 'त्याचं मन फिरलं' म्हटलं की काहीतरी बिनसलं. 'मन वळलं' म्हटलं की कोणीतरी प्रेमाने, धीराने काम केलंय. दिवस फिरतात, डोकं फिरतं, घर फिरलं की वासेही फिरतात, शब्द फिरवणाऱ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. फिरणं आपोआप होतं. वळण मात्र लावावं लागतं. मुलांना वळण, अक्षराला वळण, पाण्याला वळण, सगळीकडे कोणाचा तरी हात लागतो. लाडू वळतात, दोरी वळतात, देवाच्या वाती वळतात. वात एका फटक्यात होत नाही, कापूस बोटांत धरून पुन्हा पुन्हा पीळ द्यावा लागतो.

आणि 'गुरं वळणं'. आमच्या कर्जत-खालापूरकडे जुनी माणसं 'गुरं राखायला' म्हणतात तसं 'गुरं वळायला' असंही म्हणतात. म्हणजे चारायला नेणं, सांभाळणं हे सगळं काम एका 'वळणे'त बसवलंय. पावसाळ्यात खाचरात भात उभं असतं, बांधावर गवत असतं. गाय गवत खाता खाता भाताकडे तोंड वळवणारच. गुराखी उठतो, हाळी देतो, तिला वळवतो. ती पुन्हा जाते, तो पुन्हा वळवतो. दिवसात किती वेळा ते कोणी मोजत नाही. गाय भाताकडे गेली म्हणून 'आज गुरं वळणं फसलं' असं कोणता गुराखी म्हणतो? ती जाते म्हणून तर तो तिथे बसलाय. गीता सांगणारा स्वतः गोकुळात हेच काम करून आलेला होता, हे मला उगाच योगायोग वाटत नाही.

खोपोलीहून जुन्या रस्त्याने बोरघाट चढताना शिंग्रोबाचं देऊळ लागतं. लोककथा अशी, की इंग्रजांना घाटातून वाट सापडेना, ती शिंग्रोबा नावाच्या धनगराने दाखवली. बक्षीस काय हवं विचारल्यावर त्याने देशाचं स्वातंत्र्य मागितलं आणि गोळी खाल्ली. कथेतलं खरं-खोटं बाजूला ठेवू. ड्रायव्हर मंडळी आजही तिथे नाणं वाहतात. मला त्यातली एक गोष्ट पटते : मेंढरं वळणाऱ्यालाच डोंगराची वळणं माहीत असणार.

त्याच घाटातली रेल्वे १८६३ साली सुरू झाली. चढ जागोजागी ३७ फुटांना एक फूट, म्हणून आजही कर्जतला बऱ्याच गाड्यांना मागून जादा इंजिनं लावतात. (तेवढ्यात वडापाव होतो, ते वेगळं.) पूर्वी खंडाळ्याच्या अलीकडे एक रिव्हर्सिंग स्टेशन होतं. सरळ चढायला जागाच नव्हती. गाडी तिथे थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट्या तोंडाने निघायची. पण तोंड उलटं झालं तरी ती कर्जतला परत उतरत नव्हती, पुढचा घाट चढत होती. आत बसलेल्या नव्या माणसाला मात्र नक्की वाटत असणार, चाललो मागे!

संस्कृतात 'वृत्' म्हणजे वळणं, फिरणं. त्यातूनच प्रवृत्ती, निवृत्ती, परिवर्तन, आवृत्ती आणि आपलं रोजचं वर्तन. इंग्रजीतलं 'व्हर्जन' लॅटिनमधून आलं, तेही याच जुन्या मुळाचं. म्हणजे 'व्हर्जन'ला 'आवृत्ती' म्हणणाऱ्याने नकळत दोन चुलत भावंडं शेजारी बसवली. 'निवृत्ती' म्हटलं की आपल्याला अठ्ठावन्नावं वर्ष आणि पेन्शन आठवते. पण ज्ञानोबांच्या थोरल्या भावाचं, त्यांच्या गुरूंचं नावच निवृत्ती. बाहेर धावणाऱ्या वृत्तीने आत वळणं, हा त्याचा अर्थ. त्याला वय लागत नाही, नोकरी सोडावी लागत नाही.

याच अध्यायात पुढे अर्जुन तक्रार करतो, की मन वाऱ्यासारखं आहे, आवरणार कसं? भगवंत त्याला खोटं ठरवत नाहीत. कठीण आहे हे मान्य करतात आणि अभ्यास व वैराग्य हे दोन उपाय देतात. वैराग्यावर वेगळं लिहीन, तो विषय मोठा आहे. अभ्यास म्हणजे पुन्हा पुन्हा करणं, हेच आपलं वळणं.

मित्राला मी एवढंच विचारलं, की बग आठवतोय हे तुला जपात कळलं ना? म्हणाला, कळलं. मग म्हटलं, कळलं तिथून पुढचा मणी ओढ. मागचे पळालेले मोजू नकोस.

आज दहा मिनिटं बसून बघा. उद्या श्लोक २७.