आधी सांभाळणारं माणूस बघ

अवं छोटी, तू पाठवलेला पतसंस्थेचा आराखडा रात्री नीट पाहिला. दोन फायरवॉल, दोन कोअर स्विच, तीन सर्व्हरचं क्लस्टर, वरून आपोआप फेलओव्हर. काहून वो एवढं? अकोल्याचं मुख्य कार्यालय, चार शाखा, आणि हे सगळं सांभाळणारी तू एकटी. तू इकडे अमरावतीला लग्नाला आलीस आणि नेमकं तेव्हाच क्लस्टर अडलं, तर तिथं कोण बघणार?

आपल्याकडे खरंच काय बंद पडतं, तिथून सुरुवात कर. अकोल्यात मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. लाइट गेली की एसी थांबतो, खोली तापते, आणि एकाच रॅकमधले तिन्ही सर्व्हर सोबतच मान टाकतात. त्यात यूपीएसच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीचं आयुष्य 25 अंशांच्या वर दर 10 अंशांना साधारण निम्मं होतं. म्हणून म्हणते, एक सर्व्हर चालता ठेव, तसाच दुसरा तयार करून बंद ठेव, आणि तिसऱ्याचे पैसे बॅटऱ्या आणि जनरेटरवर चालणाऱ्या एसीला लाव.

दोन कंपन्यांचं इंटरनेट घेते आहेस, ते बरोबरच. पण एकदा बाहेर जाऊन दोन्ही केबल कुठून येतात ते डोळ्यांनी पाहा. एकाच चरातून येत असतील तर जेसीबी दोन्ही एका फटक्यात तोडेल. दुसरी लाइन 4जी राउटरवर घेतलेली बरी.

आपोआप फेलओव्हरची मला खरी धास्ती वाटते. 21 ऑक्टोबर 2018 ला गिटहबचा आतला संपर्क फक्त 43 सेकंद तुटला. यंत्रणेनं डेटाबेसचं काम आपणहून अमेरिकेच्या दुसऱ्या किनाऱ्यावर हलवलं, दोन्हीकडे वेगवेगळ्या नोंदी राहिल्या, आणि गाडी रुळावर यायला 24 तास 11 मिनिटं लागली. त्यांच्याकडे अभियंत्यांची फौज होती. तुझ्याकडे खातेदारांच्या पैशाच्या नोंदी आहेत, माय.

आणि दोन डिस्कवर एकच डेटा म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली नोंद दोन्हीकडून त्याच क्षणी जाते. रोज रात्री बॅकअप घे, एक प्रत दुसऱ्या शाखेत ठेव. महिन्यातून एका रविवारी ती प्रत त्या बंद सर्व्हरवर चढव आणि घड्याळ लावून बस. खात्यांची शिल्लक दिसायला किती वेळ लागला ते लिहून ठेव, अन् संचालकांनी विचारलं की तोच आकडा सांग.