जोड्या लावा : 'पेअर अप' की 'पेअर ऑफ'?

शाळेच्या पेपरात 'जोड्या लावा' म्हणजे हुकमी मार्क. इंग्रजीत मात्र नुसत्या 'पेअर'वर भागत नाही. त्याच्यापुढे 'अप' येतो की 'ऑफ', यावर सगळा अर्थ फिरतो. अशा क्रियापदांनाच फ्रेजल व्हर्ब म्हणतात.

१) पेअर अप : एखाद्या कामासाठी दोघांनी एकत्र येणे. 'वुई पेअर्ड अप फॉर द प्रोजेक्ट' म्हणजे प्रोजेक्टसाठी आमची जोडी जमली. कोणाशी जमली हे सांगायचं तर पुढे 'विथ' लावा. सरांनी जोडी लावून दिली असेल तर 'सर पेअर्ड अस अप'. इथे 'अस', 'देम' ही सर्वनामं मध्येच बसतात. 'पेअर्ड अप अस' चुकीचं.

फिजिक्समधलं उदाहरण घ्या. एरवी एकमेकांना दूर ढकलणारे दोन इलेक्ट्रॉन धातूमध्ये अतिशय कमी तापमानाला जोडीने राहू शकतात, हे लिऑन कूपर यांनी १९५६ मध्ये दाखवलं. म्हणजे इलेक्ट्रॉन 'पेअर अप' होतात. सुपरकंडक्टरचं कोडं त्यातूनच सुटलं आणि १९७२ चं नोबेल बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांना मिळालं.

२) पेअर ऑफ : घोळक्यातून दोघं-दोघं वेगळे होणे. 'ऑफ'मध्ये बाजूला होण्याचा भाव आहे. वर्गात सरावासाठी जोड्या पाडल्या तरी हा शब्द चालतो. पण मुलगा-मुलगी असतील तर 'यांचं जमलं' असाही अर्थ निघतो. आणि कोणी कोणाला कोणाशी 'पेअर ऑफ' करत असेल, तर तो बहुतेक वेळा लग्न जुळवायचाच खटाटोप!

आमच्या विंगमधला एक मित्र मॉक इंटरव्ह्यूत लॅब पार्टनरबद्दल 'वुई पेअर्ड ऑफ' म्हणाला. व्याकरण बरोबर होतं. पण सगळा हॉल हसला, पार्टनर दोन दिवस बोलली नाही आणि हा गडी पुढे जीडीत तोंडच उघडेना. मराठी मीडियममधून आलेल्या कितीतरी जणांचं असंच होतं. विषय येत असतो, पण हसतील म्हणून गप्प बसतात आणि नोकरी हातची जाते. खरं तर आपल्या 'जोडी जमली'चेही दोन अर्थ होतातच की! मग हसायचं कशाला?

त्यापेक्षा असं करू. ज्याचं इंग्रजी बरं आहे त्याने, अडखळणाऱ्या एकाशी रोज मेसनंतर दहा मिनिटं 'पेअर अप' व्हायचं. चुकलं तर सांगायचं, हसायचं नाही. बघा, जमतंय का!