मस्तिष्कार्बुद आणि टेमोझोलोमाइडचे संयुग्मित औषध

मुंबईच्या टाटा मेमोरियल किंवा नागपुरातील कर्करोग रुग्णालयांतून ग्लायोब्लास्टोमाचे रुग्ण टेमोझोलोमाइडच्या कॅप्सूल घेऊन परततात व अनेकदा आपल्याकडेही येतात. हे औषध शरीरात स्वतःच विघटित होऊन पेशीच्या डीएनएतील ग्वानीनवर मिथाइल गट चढवते. त्यामुळे विभाजनाच्या वेळी चुका होऊन पेशी मरते. सन २००५ च्या युरोप-कॅनडातील चाचणीत केवळ किरणोपचाराने मध्यमान आयुष्य १२.१ महिने, तर या औषधाची जोड दिल्यावर १४.६ महिने आढळले. मर्यादा दोन. रक्त व मेंदू यांमधील अवरोध ओलांडून मस्तिष्कद्रवात रक्ताच्या तुलनेत सुमारे २० टक्केच औषध पोहोचते. दुसरे असे की, ज्या अर्बुदात एमजीएमटी हे दुरुस्ती करणारे प्रथिन विपुल असते, तेथे चढवलेला मिथाइल गट काढून टाकला जातो.

यावर उपाय म्हणून अमेरिकेत निओ-२१२ हे मुखावाटे घ्यावयाचे औषध विकसित होत आहे. त्यात टेमोझोलोमाइडला पेरिलिल अल्कोहोल हा स्नेहात विरघळणारा घटक रासायनिक बंधाने जोडलेला आहे. प्राण्यांवरील प्रयोगांत ते मेंदूत अधिक प्रमाणात पोहोचले, आणि सन २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत टेमोझोलोमाइडला न जुमानणाऱ्या पेशींवरही प्रभावी ठरले. मानवी चाचण्या मात्र प्राथमिक अवस्थेत आहेत.

पेरिलिल अल्कोहोल लॅव्हेंडर, पुदिन्याच्या काही जाती व चेरी यांत अल्प प्रमाणात असते. ब्राझीलमध्ये ते नाकावाटे देऊन पाहिले गेले. नस्याची आठवण होणे स्वाभाविकच! परंतु येथे गुण आहे तो संयोगाचा. दोन द्रव्ये शेजारी ठेवल्याने किंवा एकत्र खलल्याने हा नवा रेणू तयार होत नाही. टेमोझोलोमाइडसोबत पुदिन्याचा अर्क सुचवण्यास यातून कोणताही आधार मिळत नाही.

औषधविक्रेत्यांनी एक बाब विशेष ध्यानी घ्यावी. या रुग्णांना आकडी येत असल्यास फेनिटॉइन चालू असू शकते. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील सन १९९२ च्या अभ्यासात शंखपुष्पी सिरपमुळे फेनिटॉइनची रक्तातील पातळी घटल्याचे व आकडीवरील नियंत्रण सुटल्याचे नोंदवले आहे. ‘डोक्यासाठी काहीतरी द्या’ म्हणून नातेवाईक हेच सिरप मागतात. देण्यापूर्वी चालू औषधांची चिठ्ठी पाहावी, फेनिटॉइन आढळल्यास सिरप देऊ नये आणि मेंदूविकारतज्ज्ञांना कळवावे. टेमोझोलोमाइडची कॅप्सूल उघडून चूर्ण मधात कालवण्याचा सल्लाही कोणी देऊ नये. ती अखंडच गिळावयाची असते.