अन्नसुरक्षेचे नमुना आराखडे : मान्यता आणि जबाबदारी

शिजवलेला भात उरला, तर तो काही तास पातेल्यात तसाच राहू देणे ही किरकोळ बाब वाटते. परंतु बॅसिलस सीरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवण्याच्या उष्णतेतही तग धरतात. भात फार वेळ कोमट राहिला म्हणजे ते रुजतात, जिवाणू वाढतात आणि विष निर्माण करतात. या विषाचा एक प्रकार भात पुन्हा तापवल्यानेही नष्ट होत नाही. चवीवरून त्याचा सुगावा लागेलच असेही नाही. म्हणून तयार अन्न तपासण्याऐवजी कामाच्या पद्धतीतच खबरदारी योजावी लागते. धोका कोठे उद्भवतो, तो कसा रोखावयाचा आणि रोखला गेला हे कशावरून ओळखावयाचे, हे लिहून ठेवणे म्हणजेच अन्नसुरक्षा आराखडा होय.

न्यूझीलंडचा मार्ग

मोठ्या कारखान्याला असा आराखडा तज्ज्ञांकडून करून घेता येतो; लहान खानावळीला ते परवडत नाही. न्यूझीलंडच्या २०१४ च्या अन्न कायद्याने या अडचणीवर उपाय योजला. १ मार्च २०१६ पासून अमलात आलेल्या या कायद्याने सर्व व्यवसायांना एकाच मापाने न मोजता धोक्याच्या प्रमाणात नियम लावले. उपाहारगृहांसारख्या अधिक धोक्याच्या व्यवसायांना लेखी अन्न नियंत्रण आराखडा आवश्यक ठरला.

हा आराखडा तीन प्रकारे मिळवता येतो. पहिला, तेथील प्राथमिक उद्योग मंत्रालयाने स्वतः तयार केलेला नमुना वापरणे. दुसरा, अन्य कोणी तयार केलेला व मंत्रालयाने मान्य केलेला नमुना वापरणे. कायद्याच्या ४० व्या कलमात याची तरतूद आहे. तिसरा, आपल्या व्यवसायापुरता स्वतंत्र आराखडा रचून त्याचे मूल्यमापन करवून घेणे.

दुसऱ्या प्रकाराचे महत्त्व विशेष आहे. एकाच धर्तीवर चालणाऱ्या अनेक दुकानांतील कामाचे बारकावे त्या धंद्यातील मंडळींना अधिक ठाऊक असतात. त्यांनी नमुना रचावा व शासनाने तो कायद्याच्या कसोटीवर पारखावा, अशी ही श्रमविभागणी आहे. नमुना एकदा पारखला गेला की तो वापरणाऱ्या प्रत्येक दुकानाला स्वतंत्र मूल्यमापनाचा खर्च सोसावा लागत नाही.

मान्यतेचा अर्थ

मात्र मान्यता मिळते ती नमुन्याला, स्वयंपाकघराला नव्हे. नमुना घेणाऱ्याने आपल्या कामास लागू असलेले भाग निवडावयाचे, व्यवसायाची नोंदणी करावयाची आणि प्रत्यक्ष काम आराखड्याप्रमाणे चालते की नाही याची पडताळणी करवून घ्यावयाची असते. नोंदी चार वर्षे जपून ठेवाव्या लागतात.

भाताचेच उदाहरण पुन्हा घेऊ. साठवावयाचा गरम पदार्थ ६० अंश सेल्सिअसपासून २१ अंशांपर्यंत दोन तासांत आणि तेथून ५ अंशांपर्यंत पुढील चार तासांत थंड व्हावा, असा तेथील दंडक आहे. नमुन्यात हा नियम छापलेला असतो. पण भात उथळ ताटात पसरणारा हात, तापमान पाहणारा डोळा आणि उशीर झाल्यास तो भात टाकून देण्याचा निर्णय या गोष्टी कोणत्याही नमुन्याबरोबर मिळत नाहीत. तापमान न मोजताच नोंदवही भरली गेली, तर मान्यताप्राप्त आराखडासुद्धा केवळ कागद ठरतो.

आपल्यासाठी बोध

भारतात २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके अधिनियमानेही अन्न सुरक्षित राखण्याची प्राथमिक जबाबदारी व्यावसायिकावरच टाकली आहे. शाळेतील पोषण आहार मुलांना वाढण्यापूर्वी शिक्षकाने चाखून पाहावा, असा आपल्याकडे नियम आहे. तो योग्यच आहे. तथापि जे चवीला कळत नाही, ते वेळ आणि तापमान यांवर लक्ष ठेवूनच टाळता येते. खिचडी केव्हा शिजली, केव्हा वाढली आणि उरलेल्या अन्नाचे काय केले, एवढ्या तीन गोष्टी रोज खरेपणाने लिहिल्या गेल्या, तरी आराखड्याचा गाभा साधतो. नमुना दुसऱ्याचा घेता येतो. दक्षता मात्र ज्याची त्यानेच बाळगावी लागते.