पाचामुखी परमेश्वर

२५ ऑक्टोबर २०१७ ची रात्र. नवी मुंबईतील नेरूळ येथील डी. वाय. पाटील क्रीडांगण प्रेक्षकांनी गजबजून गेले होते. सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेचा उपांत्य सामना तेथे चालू होता. एका बाजूस युरोपातील स्पेन, तर दुसऱ्या बाजूस आफ्रिकेतील माली. स्पेनने पूर्वार्धातच दोन गोल केले होते. परंतु मालीची मुले खचली नव्हती. उत्तरार्धात शेख उमर दुकुरे या त्यांच्या खेळाडूने दुरूनच एक जोरदार फटका मारला. चेंडू आडव्या दांडीच्या खालच्या अंगावर आदळला, गोलरेषेच्या आत जमिनीवर पडला आणि उसळी घेऊन पुन्हा मैदानात आला. पण पंचांची शिट्टी काही वाजली नाही. खेळ तसाच पुढे चालू राहिला.

हे सारे निमिषार्धात घडले. दूरचित्रवाणीवर तोच प्रसंग संथ गतीने पुन्हा दाखवण्यात आला, तेव्हा चेंडू रेषेपलीकडे गेल्याचे घरी बसलेल्यांनाही दिसले. ज्यांना ते दिसावयास हवे होते, त्या पंचांना मात्र ते दिसले नव्हते. आणि ते दाखवून देणारे कोणतेही साधन त्या स्पर्धेत त्यांच्या हाताशी नव्हते. स्पेनने सामना ३–१ असा जिंकला. तो गोल मिळाला असता तर निकाल बदलला असता की नाही, हे कोणीच सांगू शकणार नाही. तथापि, सोळा-सतरा वर्षांच्या मुलांच्या कष्टांचे फळ त्यांच्या पदरात पडले नाही, एवढे मात्र खरे.

मग पंच निष्काळजी होते काय? तसे मुळीच नाही. विश्वचषकासाठी वापरले जाणारे मैदान १०५ मीटर लांब व ६८ मीटर रुंद असते. त्यात बावीस खेळाडू सतत धावत असतात. त्यांच्याबरोबर मुख्य पंचांनाही एका सामन्यात दहा-बारा किलोमीटर धावावे लागते. मैदानाच्या दोन्ही लांब कडांवर निशाण घेतलेला एकेक सहायक पंच असतो. ‘ऑफसाइड’ ओळखण्यासाठी त्याला बचाव करणाऱ्या खेळाडूंच्या रेषेत उभे राहावे लागते. दुरून फटका बसला, की त्या क्षणी तो गोलरेषेपासून कितीतरी पावले मागे असतो. चेंडू रेषेच्या पूर्णपणे पलीकडे गेला की नाही, हे तर रेषेच्या नेमक्या समोर उभे राहिल्याखेरीज कळत नाही. चेंडू वाऱ्याच्या वेगाने जातो; माणसाचे पाय त्याला गाठू शकत नाहीत.

फुटबॉलच्या आरंभीच्या काळी मुख्य पंच मैदानातही नसत. दोन्ही संघांचा एकेक पंच असे. त्या दोघांचे जमले नाही, तरच बाहेर बसलेल्या तिसऱ्या माणसाकडे वाद सोपवला जाई. १८९१ मध्ये हा तिसरा माणूस मैदानात आला आणि अंतिम निर्णयाचा अधिकार त्याच्याकडे गेला. तेव्हापासून पंचांची जबाबदारी वाढली आणि त्यांच्या चुकांची चर्चाही वाढली. तथापि, प्रत्येक मोठ्या चुकीतून आणि वादातून हा खेळ काही ना काही शिकत गेला.

१९६६ च्या विश्वचषकात लंडनच्या वेम्बली मैदानावर इंग्लंड व अर्जेंटिना यांची गाठ पडली. जर्मन पंच रुडोल्फ क्राइटलाइन यांनी अर्जेंटिनाचा कर्णधार रातीन याला मैदान सोडण्याची आज्ञा केली. पंचांना स्पॅनिश येत नव्हती आणि कर्णधाराला जर्मन समजत नव्हती. आपल्याला का घालवले जात आहे, हे त्याला कळेना. तो जागचा हलेना. कित्येक मिनिटे खेळ खोळंबला. पंचांच्या व्यवस्थेत असलेले केन अ‍ॅस्टन यांनी हा गोंधळ पाहिला. हे गृहस्थ इंग्लंडमधील एक शिक्षक होते. नंतर मोटारीने जात असता चौकातील पिवळ्या व तांबड्या दिव्याकडे त्यांचे लक्ष गेले आणि त्यांना युक्ती सुचली. पिवळा रंग म्हणजे ‘सावध’, तांबडा म्हणजे ‘थांब’. ही भाषा साऱ्या जगाला समजते. १९७० च्या मेक्सिकोतील स्पर्धेपासून पंचांच्या खिशात दोन रंगांची कार्डे आली. त्या संपूर्ण स्पर्धेत तांबडे कार्ड दाखवण्याची वेळ एकदाही आली नाही.

भाषेची अडचण अशी दूर झाली. पण डोळ्यांची राहिलीच होती. २२ जून १९८६ रोजी मेक्सिको शहरात अर्जेंटिनाच्या दिएगो मॅराडोनाने इंग्लंडविरुद्ध चक्क हाताने चेंडू गोलात ढकलला. मुख्य पंचांनी सहायकाकडे पाहिले. निशाण वर गेले नाही. गोल दिला गेला. पुढे मॅराडोनाने स्वतःच हाताचा स्पर्श कबूल केला. अर्थात, पंचांना जे दिसले नव्हते, ते खेळाडूला त्याच क्षणी ठाऊक होते. २०१० मध्ये दक्षिण आफ्रिकेत इंग्लंडच्या लॅम्पार्डचा चेंडू दांडीला लागून जर्मनीच्या गोलरेषेपलीकडे पडला, तरी गोल मिळाला नाही. यावर जगभर टीका झाली. २०१२ मध्ये यंत्राची मदत घेण्यास नियमकर्त्यांनी संमती दिली. २०१४ च्या ब्राझीलमधील विश्वचषकात दोन्ही गोलांवर मिळून चौदा कॅमेरे रोखलेले होते. चेंडूने रेषा ओलांडताच पंचांच्या मनगटावरील घड्याळात सूचना येई.

२०१८ च्या विश्वचषकात आणखी एक पंच आला. मात्र तो मैदानावर नव्हे, तर पडद्यांनी भरलेल्या एका खोलीत बसलेला. त्याला ‘व्हिडिओ सहायक पंच’ म्हणतात. गोल, पेनल्टी, थेट तांबडे कार्ड आणि एकाच्या चुकीबद्दल दुसऱ्यालाच झालेली शिक्षा, या चार बाबींतच त्या स्पर्धेत तो बोलू शकत असे. त्याचे म्हणणे ऐकून किंवा चित्रण पुन्हा पाहून शेवटचा निर्णय मात्र मुख्य पंचच देतात. मुख्य पंच, दोन सहायक पंच, मैदानाच्या कडेला उभा असलेला चौथा पंच आणि खोलीतील हा पाचवा! ‘पाचामुखी परमेश्वर’ ही आपल्याकडील जुनी म्हण जणू फुटबॉलनेही मानली.

ऑक्टोबर २०२२ मध्ये सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात झाला. त्या वेळी हे पाचवे पंच नवी मुंबईच्या त्याच मैदानाच्या सेवेला आले होते. ज्या भूमीवर मालीच्या मुलांचा गोल हरवला, तेथेच पाच वर्षांनी मुलींना अधिक खात्रीचा न्याय मिळण्याची सोय झाली.

परंतु यंत्रे आली म्हणजे पंचांची कसोटी संपली, असे नाही. योग्य जागी वेळेवर पोहोचणे, हजारो लोकांच्या आरड्याओरड्यात मन शांत ठेवणे, बलाढ्य आणि दुबळ्या संघाला एकच माप लावणे, हे गुण कोणत्याही यंत्रातून मिळत नाहीत. ते वर्षानुवर्षांच्या सरावाने येतात. त्या बळावरच २००२ च्या विश्वचषकात भारताचे के. शंकर सहायक पंच झाले आणि २०१६ मध्ये जॉर्डन येथे झालेल्या मुलींच्या विश्वचषकात गोव्याच्या उवेना फर्नांडिस यांनी निशाण हाती घेतले.

शिवाय, यंत्रे सर्वत्र पोहोचलेली नाहीत. ११ जून २०२४ रोजी दोहा येथे विश्वचषकाच्या पात्रता फेरीत भारत कतारविरुद्ध १–० असा पुढे होता. चेंडू मैदानाच्या रेषेबाहेर गेला असताना कतारच्या खेळाडूने तो पायाने मागे ओढला आणि त्यावर गोल झाला. भारतीय खेळाडूंनी परोपरीने सांगितले. परंतु पंचांनी गोल मान्य केला. त्या फेरीत व्हिडिओ सहायक पंच नव्हते. भारताने सामना १–२ असा गमावला आणि पुढील फेरीचे दार बंद झाले. महासंघाने तक्रार केली, तरी निकाल तोच राहिला. पंचांचा निर्णय मागाहून फिरवता येऊ लागला, तर कोणताही सामना कधी संपणारच नाही, असे या खेळाचा नियम मानतो. नियम योग्य आहे. पण तो ज्यांना सोसावा लागतो, त्यांचे दुःख त्यामुळे हलके होत नाही.

नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या कुशीतील एखाद्या आश्रमशाळेच्या मैदानावर मुले फुटबॉल खेळतात, तेव्हा तेथे चौदा कॅमेरे नसतात. गोलाचे खांब कधी बांबूचे असतात, तर कधी त्यांच्या जागी दोन दगडच असतात. चुन्याची रेषा निम्मी पुसलेली असते. पाच पंचांच्या ऐवजी शिट्टी घेतलेले एकटे गुरुजी असतात. चेंडू बाहेर जातो, धूळ उडते आणि दोन्हीकडून एकच गलका होतो. अशा वेळी खरे काय ते ज्याच्या पायाला चेंडू शेवटचा लागला, त्या मुलाला ठाऊक असते. त्याने हात वर करून, “गुरुजी, चेंडू बाहेर गेला होता. माझ्याच पायाला लागून गेला,” असे म्हटले, तर गुरुजींचा निर्णय चुकत नाही. मॅराडोनाला हे त्या क्षणी जमले नाही, दोह्याच्या मैदानावरही कोणाला जमले नाही. सातपुड्यातील मुलाला ते जमले, तर त्याचा संघ कदाचित तो सामना हरेल. पण पुढच्या सामन्यात त्याचा शब्द दोन्ही संघ मानतील.

अभ्यास

१. दुकुरेचा गोल पंचांना का दिसला नसावा? पाठाच्या आधारे कारणे सांगा.
२. पिवळ्या व तांबड्या कार्डांची कल्पना कोणाला व कशी सुचली?
३. २०१८ च्या विश्वचषकात व्हिडिओ सहायक पंच कोणत्या चार बाबींत बोलू शकत असे? शेवटचा निर्णय कोणाचा असतो?
४. ‘नियम योग्य आहे, पण तो ज्यांना सोसावा लागतो, त्यांचे दुःख त्यामुळे हलके होत नाही.’ या वाक्याचा अर्थ उदाहरण देऊन स्पष्ट करा.
५. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यात उपयोग करा: पदरात पडणे, एकच माप लावणे, परोपरीने सांगणे.
६. तुमच्या शाळेच्या मैदानावर खेळताना वाद झाला, तर तो कसा मिटवाल? दहा ओळी लिहा.