कामातील व्यत्यय आणि गृहस्थाचे साधन

प्रपंचात राहून साधन करू इच्छिणाऱ्या मनुष्याची एक तक्रार नेहमी ऐकू येते. काम हाती घेतले की कोणी हाक मारतो, पाठास बसावे तो दाराची कडी वाजते, आणि आता तर भ्रमणध्वनी जवळच असल्यामुळे क्षणाचीही निवांतता उरलेली नाही. अशा स्थितीत कर्मयोग कसा साधावा? तक्रार खोटी नाही. परंतु तिचे मूळ कोठे आहे हे पाहिले पाहिजे.

समजा, एक गृहस्थ प्रातःकाळी गीतापाठ करीत आहे. शेजारच्या खोलीतून वृद्ध माता पाणी मागते. तो उठून पाणी देतो; पण भांडे आदळून देतो आणि दोन कठोर शब्दही बोलतो. पाणी देण्यास एक मिनिट लागले; क्रोधाने मात्र मन तासभर ढवळून निघाले. दुसऱ्या दिवशी तहान लागूनही त्या मातेने हाक मारली नाही. ही हानी कोणत्या पाठाने भरून निघणार?

दुसऱ्या अध्यायातील ६२ व ६३ या श्लोकांत भगवंतांनी विषयचिंतनापासून आसक्ती, आसक्तीपासून कामना, कामनेपासून क्रोध आणि शेवटी बुद्धिनाश, असा क्रम सांगितला आहे. ‘हे काम मी माझ्याच वेळी, माझ्याच रीतीने पुरे करीन’ हा आग्रह सत्कर्माविषयीचा असला तरी आसक्तीच होय. म्हणून व्यत्ययाच्या वेळी उठणारा संताप ही आपल्या निष्कामतेची परीक्षा समजावी. अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली असून त्यांत पाचवे दैव आहे. सर्व सूत्रे आपल्या हाती नाहीत, हे ज्याने ओळखले तो अवचित आलेल्या हाकेने गांगरत नाही.

मग प्रत्येक हाकेसरशी हातचे काम टाकून धावावे काय? तसेही नाही. पंढरपूरच्या पुंडलिकाची कथा प्रसिद्ध आहे. तो मातापित्यांच्या सेवेत असता साक्षात् भगवंत दारी आले. पुंडलिकाने सेवा सोडली नाही आणि भगवंतांना विन्मुखही केले नाही. उभे राहण्यास वीट दिली व थांबण्याची विनंती केली. हातचे कर्तव्य न मोडता आलेल्याला आदराने जागा देणे, हेच यातील मर्म आहे.

यास्तव गृहस्थाने तीन गोष्टी पाळाव्या. पहिली, हाक कोणाच्या गरजेची आहे हे पाहावे. तहानलेला, आजारी किंवा संकटात सापडलेला मनुष्य आला तर त्या क्षणी तेच आपले कर्म होय. दुसरी, काम थांबण्याजोगे असेल तर गोड शब्दांनी वेळ मागून घ्यावी. तिसरी, कोणी न बोलावता आपले मनच बातम्यांकडे व गप्पांकडे धावत असेल, तर तो दोष जगाचा मानू नये. सहाव्या अध्यायातील २६ व्या श्लोकाचा उपदेश असा की, चंचल मन जेथे जेथे जाईल तेथून त्याला आवरून पुन्हा आत्म्याच्या ठायी स्थिर करावे. मन किती वेळा गेले याचा खेद करीत बसू नये; प्रत्येक वेळी परत आणणे हाच अभ्यास.

उठताना भगवंताचे स्मरण करून उठावे आणि परत बसताना त्याच स्मरणाने बसावे. मग काम तुटले तरी साधन तुटत नाही.