फर्दापूरचा मुक्काम: वळकटी की तंबू?

अजिंठा लेण्यांच्या पायथ्याचे गाव म्हणजे फर्दापूर. १९०९ ते १९११च्या हिवाळ्यांत क्रिस्टियाना हेरिंगहॅम आणि त्यांच्यासोबत नंदलाल बोस, असितकुमार हालदार हे चित्रकार भित्तिचित्रांच्या नकला करायला आले, तेव्हा त्यांचा तळ इथेच होता. आजही इथे बाहेर झोपायचे असेल, तर निवड अशी करा.

१. आधी जागा ठरवा. लेण्यांचा परिसर पुरातत्त्व खात्याकडे आहे आणि भोवतीचे जंगल वनखात्याचे. तिथे मुक्काम नको. शेतमालकाला विचारून घराजवळची उंच, साफ जागा घ्या. वाघूरचे पात्र टाळा. डोंगरात पाऊस झाला की पाणी अचानक वाढते.

२. ऋतू पाहा. पावसाळ्यात दुहेरी छताचा तंबूच हवा. हिवाळ्यात दोन्ही चालतात, पण वळकटीवर दव पडते, म्हणून पांघरुणावर ताडपत्रीचा पदर घ्या. उन्हाळ्यात तंबू कोंदट होतो, तेव्हा वळकटी बरी.

३. एक खुंटी ठोकून पाहा. मुरमात ती जात नाही आणि ओल्या काळ्या मातीत धरत नाही. अशा ठिकाणी कमानीच्या काड्यांवर उभा राहणारा तंबू घ्या व दोऱ्या जड दगडांना बांधा.

४. वळकटी घेतलीत तर शेतमालकाकडे बाज मागा. बाजेवर सतरंजी, गादी, घोंगडी घाला. मच्छरदाणी लावून तिच्या कडा चारही बाजूंनी गादीखाली खोचा. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि पुष्कळदा दंश कळतही नाही.

५. तंबू घेतलात तर तळ शिवलेला हवा. चेन कायम बंद ठेवा, जाळीची खिडकी मात्र उघडी ठेवा, नाहीतर श्वासाच्या वाफेने आतून पाणी धरते. आत शेगडी पेटवू नका.

६. सकाळी बूट झटकून घाला, विंचू असू शकतो. सर्पदंशाची शंका आली तरी लगेच १०८ला फोन करा. जखम चिरू नका, आवळून बांधू नका.

थोडक्यात, सोबत मुले असतील किंवा पावसाची शंका असेल तर तंबू. आभाळ निरभ्र असेल आणि बाज, मच्छरदाणी दोन्ही मिळत असतील तर वळकटी. मच्छरदाणी नसेल तर उघड्यावर झोपूच नका. आणि लेणी सोमवारी बंद असतात, तेव्हा मुक्कामासाठी रविवारची रात्र धरू नका.